मातुश्री अहिल्याबाई : आई आणि आजी



ज्या शाळेत मी सातवीपर्यंत शिकले, त्या शाळेने मला ह्या व्यासपीठावर बोलावले, ह्याचा आनंद मोठा आहे आणि संकोचही तितकाच आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या बाईंनी मला मराठी शिकवले. त्यांच्यासमोर उभे राहून बोलताना माझी मात्रा चुकली, तर त्या मागच्या बाकावरून मान वर करतील, असे आजही वाटते.

निमंत्रण देण्यासाठी मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा बाईंच्या कन्याही सोबत होत्या. त्यांचेही वय आता सत्तरीच्या घरात आहे. विषय ठरविताना बाईंची शिस्त, बाईंचे अध्यापन, बाईंचे शाळेसाठी झिजणे ह्यांविषयी बरेच बोलणे झाले. निघताना त्या दाराशी थांबल्या आणि मला म्हणाल्या, ''शाळेत सगळे बाईंविषयी बोलतात. आमच्या आईविषयी कोणीच बोलत नाही.'' त्या वाक्यात तक्रार नव्हती. परंतु ते मनातून जाईना, आणि माझा आजचा विषय त्या वाक्यातून निघाला.

लोकांनी 'माता' म्हणून ज्या स्त्रीला डोक्यावर घेतले, तिच्या स्वतःच्या आईपणाचे काय होते? इंदूरमध्ये हा प्रश्न विचारला की एकच नाव समोर येते. ते म्हणजे अहिल्याबाई होळकर. आपल्या विश्वविद्यालयाला त्यांचे नाव आहे, विमानतळाला आहे, राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे. २०२५ साली त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे पूर्ण झाली. ज्या चौंडी गावी ३१ मे १७२५ रोजी त्या जन्मल्या, ते गाव ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याचे नावही आता अहिल्यानगर झाले आहे. देवी, पुण्यश्लोक, लोकमाता ह्या पदव्या आपण भक्तिभावाने उच्चारतो. आज मी त्यांच्या देवळांविषयी आणि घाटांविषयी थोडेच बोलणार आहे. मला बोलायचे आहे ते मालेराव आणि मुक्ताबाई ह्यांच्या आईविषयी, आणि नथोबाच्या आजीविषयी.

प्रथम 'मातुश्री' ह्या शब्दाकडे पाहू. मराठी पत्रव्यवहारात हा शब्द केवळ नात्याचा नाही. तो अधिकाराचाही आहे. घरातील वडील स्त्रीला, राज्यातील वडील स्त्रीला मातुश्री म्हणावे, असा तो रिवाज. तुकोजी होळकरांचे उदाहरण ह्या दृष्टीने बोलके आहे. ते होळकरांच्या फौजेचे सेनापती. वयाने ते अहिल्याबाईंहून लहान नव्हते, थोडे वडीलच होते, असे सर जॉन माल्कम लिहितो. आणि तरीही ते त्यांना आईच म्हणत. वडील माणूस धाकट्या स्त्रीला आई म्हणतो, तेव्हा ते आईपण एक पद झालेले असते. पदाचा गुण असा, की ते माणसाला मान देते आणि त्याच वेळी माणसाला झाकूनही टाकते. अहिल्याबाईंच्या बाबतीत हे झाकणे सव्वादोनशे वर्षे चालले आहे.

आता त्या पदाखालच्या बाईकडे वळू. १७३३ साली चौंडीच्या माणकोजी शिंदे पाटलांची लेक होळकरांच्या घरात सून म्हणून आली. १७४५ साली मालेराव झाला, १७४८ साली मुक्ताबाई झाली. १७५४ च्या मार्च महिन्यात कुंभेरच्या वेढ्यात खंडेरावांचा अंत झाला. त्या वेळी अहिल्याबाई अठ्ठावीस वर्षांच्या, मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची. त्या सती जाण्यास निघाल्या आणि मल्हाररावांनी त्यांना परत फिरविले, ही हकीकत आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. आता माझा खंडोजी तूच, अशा आशयाचे मल्हाररावांचे बोलणे परंपरेने जपले आहे. मात्र ही हकीकत सांगताना आपण सासऱ्याचा शोक पाहतो, सुनेचे धैर्य पाहतो, आणि तंबूत जी दोन मुले त्या रात्री आईची वाट पाहत असतील, त्यांना विसरतो. बाई मागे फिरल्या, म्हणून त्या मुलांना आई उरली. माळव्याला राज्यकर्ती मिळाली ती त्यानंतर तेरा वर्षांनी.

ही तेरा वर्षे शिकण्याची होती. मल्हाररावांनी सुनेला कारभार शिकविला, तोही घरात बसवून नव्हे. तोफखान्यासह ग्वाल्हेरकडे कूच कसे करावे, मुक्काम किती दिवसांचा ठेवावा, अशा सूचना देणारे त्यांचे १७६५ सालचे पत्र प्रसिद्ध आहे. सासू गौतमाबाई १७६१ साली गेल्या होत्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावही गेले. गादी मालेरावास मिळाली, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, १७६७ च्या वसंतात, मालेरावही गेला. त्याचे वय अवघे बावीस.

मित्रहो, येथे आपल्याला थांबले पाहिजे, कारण येथेच इंदूरच्या लोकस्मृतीने एक कथा रचलेली आहे. राजवाड्याजवळचा आडा बाजार आपल्या सर्वांच्या पायाखालचा. कथा अशी : मालेरावाच्या रथाखाली एक वासरू सापडून मेले. गाय रस्त्यात बसून राहिली. अहिल्याबाईंना हे कळले, तेव्हा त्यांनी सुनेला विचारले, की आईसमोर तिच्या लेकराला मारणाऱ्यास काय शिक्षा द्यावी? सून म्हणाली, मृत्युदंड. तेव्हा बाईंनी पोटच्या मुलाचे हातपाय बांधवून त्याला रस्त्यात निजविले आणि रथ घालण्याची आज्ञा केली. कोणी सारथी धजेना, तेव्हा त्या स्वतः रथात बसल्या; पण तीच गाय पुन्हा पुन्हा आडवी आली. गाय आड आली तो आडा बाजार.

मी सहासात वर्षांची असताना माझी आजी मला हात धरून त्या बाजारातून नेत असे आणि ही कथा सांगत असे. मी एकदा तिला विचारले, ''मग मालेराव वाचला का?'' आजी म्हणाली, ''त्या दिवशी वाचला. पुढं आजारी पडून गेला. आईच्या मांडीवर.'' कथेत हे नाही. आजीने ते आपल्या पदरचे घातले, असे मी पुढे पुष्कळ वर्षे समजत होते.

साहित्याची विद्यार्थिनी म्हणून मी ह्या कथेचा माग काढला, तेव्हा ती दूर दक्षिणेत सापडली. तमिळ देशात तिरुवारूर येथे मनुनीती चोळ राजाची हीच कथा सांगतात. राजपुत्राच्या रथाखाली वासरू मेले, गायीने न्यायाची घंटा वाजविली आणि राजाने मुलाला रथाखाली घालण्याची आज्ञा केली. सिंहलद्वीपाच्या 'महावंस' ह्या पाली ग्रंथात एळार राजाविषयी तीच हकीकत येते, आणि तो ग्रंथ अहिल्याबाईंच्या आधी हजाराहून अधिक वर्षांचा आहे. म्हणजे ही भटकी कथा आहे. न्यायी राजा कोठे झाला, की ती तेथे मुक्कामाला येते. तिला इतिहास मानता येणार नाही. परंतु ती खोटी म्हणून फेकूनही देता येणार नाही. आपल्या बाईंचा न्याय किती निरपेक्ष होता, हे सांगण्यासाठी लोकांजवळ जे मोठ्यात मोठे माप होते, ते त्यांनी लावले. माझे म्हणणे इतकेच, की ह्या मापाची किंमत एका आईने चुकविली. राज्यकर्ती मोठी व्हावी म्हणून आपण तिच्या हाती मुलाच्या अंगावर चालून जाणाऱ्या रथाची दोरी दिली.

मग घडले काय? माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ नंतर काही वर्षे माळव्यात होता. त्याचा मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. अहिल्याबाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी निवर्तल्या होत्या. म्हणजे त्यांना प्रत्यक्ष पाहिलेली, त्यांच्या पदरी राहिलेली माणसे माल्कमला भेटली. तो परका होता, जेत्यांपैकी होता, हे विसरू नये. परंतु त्याने विचारपूस केली आणि ती लिहून ठेवली. मालेरावाचे वागणे आईला लाज आणणारे होते, ब्राह्मणांना दान द्यावयाच्या वस्तूंत तो विंचू ठेवी आणि आई त्यावर रडे, असे तो सांगतो. पुढे एका जरीकाम करणाऱ्या कारागिराला मालेरावाने संशयावरून मारले. तो निरपराध होता असे कळल्यावर मालेरावाचे चित्त भ्रमले. त्या मृताने त्याला पछाडले, अशी सर्वांची समजूत झाली. आई रात्रंदिवस मुलाच्या बिछान्याशी बसून राहिली. मुलाच्या तोंडून बोलणाऱ्या त्या मृताला ती विनवीत होती, की तुझे देऊळ बांधते, तुझ्या कुटुंबाला जहागीर देते, माझ्या मुलाला सोड. त्याने सोडले नाही.

आणि माल्कम पुढे एक गोष्ट नोंदवितो. आईनेच मुलाचा अंत घडविला, असा प्रवाद त्याच्या कानी आला होता. त्याने कसून चौकशी केली आणि त्या आरोपातून अहिल्याबाईंना पूर्ण मोकळे केले. हे प्रकरण वाचले, तेव्हा मी पन्नाशीला आले होते. तेव्हा कळले, की आजीने आपल्या पदरचे फारसे काही घातले नव्हते. बिछान्याची मांडी केली, एवढेच. इंदूरच्या बायकांच्या तोंडी आईची खरी हकीकत कोठेतरी जिवंत होती आणि ती त्या न्यायाच्या कथेच्या शेपटाला बांधून पुढे सरकवीत होत्या, असे मला वाटते.

एक अवघड गोष्टही येथे बोलली पाहिजे. मुलगा क्रूर होता आणि आईला ते दिसत होते. तिने त्याचे समर्थन केले नाही आणि त्याला टाकलेही नाही. आई ह्या शब्दाभोवती आपण मराठीत पुष्कळ गोडवा साठविला आहे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिले, तेव्हापासून आपल्या मनातील आई ही बहुधा गुणी मुलाने आठवलेली आई असते. ज्याचे वागणे पाहून मान खाली जाते, अशा मुलाच्या उशाशी बसलेली आई आपल्या पाठ्यपुस्तकांत नाही. ती असावयास हवी.

मालेरावाच्या मागे जे राजकारण झाले, ते आपणांस ठाऊक आहे. गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी दत्तकाची मसलत काढली, राघोबादादांनी तिला उचलून धरले, बाईंनी शस्त्र धरण्याची तयारी केली आणि थोरल्या माधवराव पेशव्यांनी बाईंचा अधिकार मान्य केला. तुकोजी फौजेचे प्रमुख झाले, बाईंनी महेश्वरी राहून दौलत सांभाळली. त्यानंतरची अठ्ठावीस वर्षे त्यांच्या कारभाराची. त्या कारभारातील एकच प्रसंग सांगते, कारण तो ह्या इंदूर शहराचा आहे. येथील एक धनिक सावकार निपुत्रिक वारला. तुकोजींचा तळ जवळ होता आणि त्या धनावर त्यांची दृष्टी गेली. सावकाराची विधवा महेश्वरास गेली. बाईंनी तिचा हक्क कायम केला आणि तुकोजींना आज्ञा पाठविली, की तळ उठवून इंदूरपासून दूर जावे. ज्या स्त्रीच्या स्वतःच्या दाराशी, मुलगा जाताच, वारसाचा प्रश्न घेऊन पुरुष उभे राहिले होते, ती दुसऱ्या निपुत्रिक विधवेच्या दाराशी पहारा ठेवते. हा न्याय समजण्यासाठी मला रथाची कथा लागत नाही.

आता आजीकडे येऊ. मुक्ताबाईंचा विवाह यशवंतराव फणसे ह्यांच्याशी झाला. जो माझ्या प्रजेला चोरदरोडेखोरांपासून मुक्त करील त्याला मी मुक्ता देईन, अशी बाईंची प्रतिज्ञा सांगतात. मुक्ताबाईंना मुलगा झाला, तो नथोबा. महेश्वरच्या वाड्यातील ते एकुलते एक नातवंड. मुलाच्या मृत्यूनंतर बाईंचा सारा जीव त्या नातवात असणार, हे सांगण्यास कागद लागत नाही. ह्या सभागृहातील प्रत्येक आजी साक्ष देईल. १७९० साली हा नातू ऐन तारुण्यात क्षयाने गेला. त्याच्या तरुण बायका सती गेल्या. वर्षभरात, १७९१ साली, जावई यशवंतराव गेले आणि मुक्ताबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला.

पुढचा प्रसंग माल्कमने ज्यांनी तो पाहिला त्यांच्याकडून ऐकला. आईने लेकीला परोपरीने विनविले. राज्यकर्ती म्हणून त्या आज्ञा देऊ शकत होत्या. परंतु त्या लेकीच्या पाया पडल्या. मला एकटी टाकून जाऊ नकोस, एवढेच त्यांचे म्हणणे. मुक्ताबाईंनी शांतपणे उत्तर दिले. त्याचा आशय असा, की आई, तू आता वृद्ध आहेस. तू गेल्यावर मला कोण? मुलगा गेला, पती गेला. तेव्हा जगणे असह्य होईल आणि मानाने मरण्याची वेळ निघून गेलेली असेल. आई चितेपर्यंत चालत गेली. दोन ब्राह्मणांनी तिचे दोन्ही हात धरले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा तिचा धीर सुटला; हात सोडवता येईनात, तेव्हा तिने ते हातच चावले. मग नर्मदेत स्नान करून ती वाड्यात गेली आणि तीन दिवस अन्न घेतले नाही, कोणाशी बोलली नाही.

ह्या प्रसंगाचे पोवाडे करू नयेत, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. १८२९ साली सतीची चाल कायद्याने बंद झाली, तरी १९८७ साली राजस्थानातील देवराळा येथे एक कोवळी मुलगी चितेवर गेली आणि तिच्या नावाने जयजयकार झाले. त्यानंतर सतीच्या उदात्तीकरणाला बंदी करणारा कायदा करावा लागला. सतीचे पुण्य गाणाऱ्यांनी महेश्वरच्या घाटावरील त्या सहासष्ट वर्षांच्या आईचे हात पाहावेत. सदतीस वर्षांपूर्वी ती स्वतः चितेपासून मागे फिरली होती, कारण तिच्या सासऱ्याने तिला जगण्याचे कारण दिले. आपल्या लेकीला ते कारण ती देऊ शकली नाही. माळव्याची दौलत जिच्या शब्दावर चालत होती, तिचा शब्द येथे चालला नाही. हे तिचे अपयश नाही. त्या काळाने विधवेसमोर किती थोडे ठेवले होते, त्याचे हे माप आहे. निपुत्रिक, वैधव्य आलेल्या मुक्ताबाईंना आईनंतरचे आयुष्य दिसत होते आणि त्यात त्यांना स्वतःसाठी जागा दिसत नव्हती.

तीन दिवसांनंतर बाई उठल्या. गेलेल्यांचे स्मारक बांधण्यात त्यांना थोडे समाधान लाभले. त्यानंतर त्या आणखी चार वर्षे जगल्या. ती वर्षे सुखाची नव्हती. १७९३ साली लाखेरीच्या रणात महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींनी होळकरांच्या फौजेचा मोड केला. घरात कोणी उरले नव्हते आणि दरबार मात्र रोज भरत होता. 'महेश्वर दरबारची बातमीपत्रे' पारसनीसांनी छापली आहेत, ती जिज्ञासूंनी अवश्य पाहावीत. देवीच्या मखरात न दिसणारी, हिशेब पाहणारी, रागावणारी, कंटाळणारी एक वृद्ध स्त्री त्या काळाच्या कागदांत भेटते. विनया खडपेकर ह्यांच्या 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर' ह्या ग्रंथानेही हे मखर बाजूस सारून बाईंना पाहिले आहे.

बाईंच्या बांधकामांची यादी मी देणार नाही. काशी विश्वनाथापासून सोमनाथापर्यंत ती पाठ असणारे येथे अनेक आहेत. दोनच ठिकाणे सांगते. आलमपूरला त्यांनी सासऱ्याची छत्री बांधली. आणि गयेला विष्णुपदाचे मंदिर उभे केले, ते १७८७ साली पूर्ण झाले. गयेला मुलगे जातात आणि आईवडिलांना पिंड देतात. जिचा एकुलता एक मुलगा वीस वर्षांपूर्वी गेला होता, तिने सगळ्या हिंदुस्थानातील मुलांना आपापल्या आईची आठवण करण्यासाठी दगडाचे छप्पर करून दिले. हेतू काहीही असो; गयेच्या त्या मंडपात उभी असताना मला दुसरा विचार सुचला नाही.

दरवर्षी पुण्यतिथीला इंदुरात बाईंची पालखी निघते. आपल्या मराठी पंचांगात तो दिवस श्रावण वद्य चतुर्दशीचा आणि आपल्या माळवी शेजाऱ्यांच्या पंचांगात भाद्रपद कृष्ण चतुर्दशीचा. महिन्याचे नाव वेगळे, दिवस तोच. बाईंच्या आठवणीचेही असेच आहे. देवी म्हणून आठवा की आई म्हणून, बाई एकच. परंतु एका पंचांगाने दुसरे पुसून टाकू नये.

आणि आता पुन्हा आपल्या बाईंकडे. त्यांच्या कन्येला मी त्या दिवशी दारातून परत बोलावले आणि म्हटले, आईविषयी सांगा. त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, ''आई रात्री उत्तरपत्रिका तपासायला बसली की आमच्याशी बोलत नसे. आम्हां दोघी बहिणींना राग येई. मग आम्ही तिच्या पाठीला पाठ लावून, एक ह्या बाजूला, एक त्या बाजूला, तशाच झोपून जात असू. तपासणे संपले तरी ती उठत नसे. आम्ही जाग्या होऊ म्हणून.'' त्या उत्तरपत्रिकांत आपल्यापैकी अनेकांच्या होत्या. माझीही असेल.

माल्कमने विचारले, तेव्हा साक्षीदार जिवंत होते, म्हणून आज आपल्याला एका आईचे हात माहीत आहेत. आणखी वीस वर्षे कोणी विचारले नसते, तर फक्त रथ उरला असता. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. आपल्या घरी आई असेल, आजी असेल, तर तिला विचारा. नसेल, तर तिला पाहिलेल्या माणसाला विचारा. आणि जे कळेल ते लिहून ठेवा. तिची थोरवी लिहू नका. ती लिहिणारे पुष्कळ भेटतील. ती कशावर रागावत असे, कशाला भीत असे, तिची कोणती विनंती कोणी ऐकली नाही, ते लिहा. मात्रा चुकल्या तरी चालतील. बाईंनी त्या तपासून दिल्या असत्या.